अण्णांना गेंडा दाखवायचा होता

आमच्या घरात फिरायला जाणं म्हणजे पाणी बघायला जाणं. लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात, समुद्रावर जातात, हे मी कॉलेजात गेल्यावर ऐकलं. आम्ही बीडकडची माणसं. वर्षातले बरेचसे महिने पाण्याची वाट बघायची आणि ते एकदाचं आलं की सगळ्यांनी मिळून त्याला भेटायला जायचं, एवढीच आमची सहल. पालीचं धरण भरलं, बिंदुसरा नदी सांडव्यावरून पडायला लागली, अशी खबर गावात आली की आई धपाट्याचं पीठ मळायला घ्यायची आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, सायकलच्या चाकात हवा भरायला बसायचे. शाळेला सुट्टी असो नसो. तसे अण्णाच शाळेचे गुरुजी होते, त्यामुळं सुट्टी देणारेही तेच.

धरणावर जत्रा भरलेली असायची. भजी तळणारे, फुगेवाले, उगाच शिट्ट्या फुंकणारे पोलीस, आणि पाण्याकडं नुसतं बघत उभी राहिलेली माणसं. आई गर्दीतून वाट काढत पाण्याच्या कडेला जायची आणि ओटी भरायची. खण, नारळ, ओंजळभर गहू, हळदीकुंकू. नवं पाणी म्हणजे माहेराला आलेली लेक, तिला रिकाम्या पदरानं जाऊ द्यायचं नसतं, असं तिचं म्हणणं. मग आम्ही ओल्या दगडांवर बसून धपाटे आणि ठेचा खायचो. मला आजही कुठं पाणी पडल्याचा आवाज आला की भूक लागते, आणि हे मी विनोदानं लिहीत नाहीये.

परतताना अण्णा मुद्दाम माळावरच्या रस्त्यानं सायकल घ्यायचे. पुढच्या नळीवर मी, मागं कॅरेजवर आई. माळावर काळविटांचा कळप असायचा. अण्णा सायकल थांबवायचे, एक पाय जमिनीला टेकायचे आणि खडूनं खरखरीत झालेल्या बोटांनी माझी हनुवटी धरून तोंड वळवायचे.

"तकडं न्हाई, हिकडं. त्या बाभळीच्या बुडाला बघ. दिसायलंय का?"

"दिसायलंय," मी लगेच म्हणायचे.

मला काही म्हणजे काही दिसायचं नाही. माळ दिसायचा, आभाळ दिसायचं आणि बाभळ म्हणजे एक हिरवट डाग. पण अण्णांचा आवाज इतका खुशीत असायचा की नाही म्हणणं जिवावर यायचं. पुढं सातवीत फळ्यावरचं वाचता येईना, तेव्हा अण्णांनीच मला बीडला नेऊन चष्मा करून दिला. त्या वर्षी काळवीट पाठीवर काळं आणि पोटाखाली पांढरंशुभ्र असतं हे मी पहिल्यांदा बघितलं. तोवर त्यावर निबंध लिहून मी मार्कही मिळवले होते.

अण्णांच्या वर्गात भिंतीवर प्राण्यांचा एक तक्ता होता. वाघ, सिंह, हत्ती आणि खाली कोपऱ्यात गेंडा. उन्हानं वाघाचे पट्टे उडाले, सिंह फिका पडला. गेंडा मुळातच मातकट, त्यामुळं त्याचं काही बिघडलं नाही. "एकशिंगी गेंडा आसामात आढळतो," असं म्हणत अण्णा छडी तक्त्यावरून उचलून शेजारच्या नकाशावर न्यायचे आणि उजव्या टोकाला टेकवायचे. एकदा एका पोरीनं विचारलं, "गुरुजी, तुमी बघितलाय का गेंडा?" अण्णा म्हणाले, "न्हाई बघितला. बघितला की सांगतो." सगळा वर्ग हसला. मी त्याच वर्गात होते आणि मला त्या पोरीचा भयंकर राग आला होता.

पुढं अण्णा निवृत्त झाले, शाळेला नवे तक्ते आले, पण गेंडा काही अण्णांना सोडून गेला नाही. गावात निवडणुकीच्या टायमाला कुणी पुढारी येऊन कालव्याचं पाणी आणायचं वचन देऊन गेला की अण्णा पारावर म्हणायचे, "गेंड्याच्या कातडीची माणसं जन्मभर बघितली. एकदा त्या कातडीचा खरा मालक बघायचा हाय." लोक हसायचे. आम्ही हा विनोद इतक्या वेळा ऐकला होता की त्याच्यामागं खरी इच्छा असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

ते आलं ठेच्यामुळं. आई-अण्णा आता माझ्याकडं बीडला राहतात. मीही शाळेत शिकवते, विज्ञान. एका उन्हाळ्यात अण्णांच्या ताटात डावीकडं वाढलेला ठेचा तसाच राहायला लागला. आईला वाटलं आपल्या हाताची चव गेली. मग वाटलं, यांना आता लेकीच्या शहरातलं खायची सवय लागली. चार दिवस ती अण्णांशी धड बोललीही नाही. पाचव्या दिवशी तिनं ताट जरा फिरवून ठेवलं तर अण्णा म्हणाले, "आज कावून केलास ठेचा? रोज तर न्हाई करत." आई माझ्याकडं बघायला लागली आणि मी आईकडं.

काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की या दुखण्यात आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं तेवढं राहतं, आणि मग तेही हळूहळू आकसत जातं. डावीकडून बरंच गेलं होतं. "गेलेलं परत येत नाही," ते म्हणाले, "राहिलेलं सांभाळायचं." थेंबांच्या बाटल्या घेऊन आम्ही रिक्षात बसलो. अण्णा समोर रिक्षावाल्याच्या मानेकडं बघत होते.

"सगळं बघून झालं तसं," ते म्हणाले. "एक गेंडा ऱ्हायला."

मी त्याच रात्री फोन घेऊन बसले. गेंडा म्हटलं की सगळे एकाच मोठ्या, नावाजलेल्या अभयारण्यात जातात. अण्णांना ते पटेना. "मोठ्या जत्रंत देव दिसत न्हाई, धक्केच दिसत्यात. बारकं देऊळ बघ." मग ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठावरचं एक लहानसं राष्ट्रीय उद्यान सापडलं. डोंगर नाही, दाट जंगल नाही. सपाट जमीन, उंच गवत, मधेमधे डोह, आणि दर वर्षी नदीचं पाणी चढून येतं आणि गाळ टाकून मागं जातं. मी हे वाचून दाखवलं तसे अण्णा उठून बसले. आमच्याकडं धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करतात, तिला गाळपेर म्हणतात. "म्हंजी सगळी गाळपेरच म्हण की!" अण्णा म्हणाले. "गेंड्यानं जागा बाकी बराबर धरली."

आता गंमत बघा. कसं जायचं यावर आमच्या घरात वाद झाला, काय काय न्यायचं यावर तर भांडण झालं, पण कधी जायचं यावर एक शब्दाचीही चर्चा झाली नाही. तो प्रश्नच नव्हता. पाणी असतं तेव्हा जायचं. अण्णा म्हणाले, "पोळा झाला की निघू, तवर पाणी लागलेलं असंल." आई म्हणाली, "व्हय, कोरडं काय बघायचं?" आणि मी, जी दर वर्षी आठवीच्या पोरांना पूर म्हणजे काय हे शिकवते, मी पोळ्यानंतरची मनमाडहून गुवाहाटीची तिकिटं काढून मोकळी झाले. यांना, म्हणजे माझ्या मिस्टरांना, रजा मिळत नव्हती आणि खरं सांगायचं तर गेंड्यात रसही नव्हता. आम्ही तिघंच जाणार होतो.

ते दिवस फार मजेत गेले. आईनं दशम्यांसाठी दूध कधी घ्यायचं इथपासून ठरवायला घेतलं. अण्णांनी जुना नकाशा बाहेर काढला आणि तो नाकासमोर धरून ते ब्रह्मपुत्रेवरून बोट फिरवत बसायचे. एके दुपारी त्यांनी सहज सांगितलं की आपल्या बाकी नद्या बाया, पण ब्रह्मपुत्र हा पुरुष आहे, तो नद. आईच्या हातातलं सूप थांबलं.

"पुरुष हाय?"

"पुरुष."

"मग ओटी कशी भरू मी त्याची? लोक काय म्हणतील?"

मी हसून लोळायची बाकी होते. "आई, तिथं तुला ओळखतं कोण?" असं मी म्हणाले तर ती माझ्यावरच उखडली. परक्या मुलखातल्या पाण्याला पहिल्यांदा भेटायचं आणि रिकाम्या हातानं? दोन दिवस तिनं विचार केला, शेजारणींचा सल्ला घेतला, आणि तिसऱ्या दिवशी सोडवणूक काढली. आपल्याकडं पुरुषाला आहेर काय करतात? टॉवेल-टोपी. ती स्वतः बाजारात जाऊन ब्रह्मपुत्रासाठी टॉवेल-टोपी घेऊन आली. सोबत नारळ. टोपीचं माप तिनं अण्णांच्या डोक्यावरून घेतलं होतं.

राहण्याची जागा मात्र ठरवायची होती. उद्यानाजवळ खोल्या देणाऱ्या एका माणसाचा नंबर मिळाला. तो सफारीची जीपही ठरवून देत होता. फोन मी लावला, पण बोलायचं अण्णांनाच होतं. निजामाच्या राज्यात जन्मलेल्या माणसाला आपली हिंदी उत्तम आहे असं वाटतं. मी फोनचा आवाज मोठा केला.

"पानी आया क्या तुमारे उधर?" अण्णांनी पहिलं तेच विचारलं.

"बहुत आया, दादाजी. बहुत पानी है."

अण्णांनी माझ्याकडं विजयानं बघितलं. "तो फिर आते हम. पोला हुआ की निकलते."

त्या बिचाऱ्याला पोळा काय कळणार. मी महिना सांगितला. तो अगदी सांभाळून म्हणाला, "मैडम, पार्क तो बंद है. बारिश में बंद रहता है. पूरा पानी में है."

"पानी आया तो बंद?" अण्णा म्हणाले.

"सड़क ही नहीं है, दादाजी. गैंडा भी ऊँची जगह पर चढ़ गया है. दिवाली के बाद आइए. और अच्छे से देखना है तो फरवरी में. तब तक घास जल जाती है, दूर तक दिखता है."

फोन ठेवला. आमच्या तिघांच्या मध्ये टॉवेल-टोपी पडली होती. आमच्याकडं पाणी आलं की दारं उघडतात, जत्रा भरते, माणसं नवे कपडे घालून बाहेर पडतात. पाणी आलं म्हणून एखादी जागा बंद होते, हे आमच्यापैकी एकाच्याही मनाला शिवलं नव्हतं. मला स्वतःची इतकी चीड आली की मी ती अण्णांवर काढली. "तुमी पोळा पोळा केलंत! एक फोन आधी करायला काय झालं होतं?" हे मीच करायला हवं होतं, हे बोलतानाही मला कळत होतं. अण्णा चिडले नाहीत.

"आपल्याला पाण्याचं एकच म्हाईत," ते म्हणाले, "की ते येत न्हाई. लई आल्यावर काय व्हतं ते आपल्याला कोण शिकवणार? मास्तर मीच हुतो."

दिवाळी म्हणजे आणखी अडीच-तीन महिने. आणि फेब्रुवारीपर्यंत थांबायचं कशाच्या जोरावर? प्रश्न गेंड्याचा नव्हता, तो कुठं जात नव्हता. प्रश्न अण्णांच्या डोळ्यांचा होता.

ते महिने मी कधी विसरणार नाही. सकाळ-संध्याकाळ थेंब. अण्णा मान मागं टाकून पाटावर बसायचे आणि मी त्यांच्या पापणीखाली बाटली धरायची. मी चोरून त्यांची तपासणीही घ्यायला लागले. पेपर जरा डावीकडं ठेवायचा, चष्म्याचं घर उजवीकडं सरकवायचं आणि ते कुठंवर हात नेतात ते बघायचं. एकदा त्यांनी मला पकडलं. "परीक्षा घ्यायलीस व्हय गं माझी? पास करशील का न्हाई?" मी म्हणाले, "अभ्यास करा, मग बघू." पण आत जाऊन रडले. उजवीकडचंही आता उणं झालं होतं. आई ताट वाढताना सगळं मधोमध वाढायची, भाकरीच्या वर भाजी, भाजीच्या शेजारी ठेचा, आणि अण्णा म्हणायचे की असला काला तर बैलालाही घालत नाहीत.

त्याच भाद्रपदात आमच्याकडंही पाऊस असा काही आला की बिंदुसरेनं काठ ओलांडले. आईचं माहेर उमापूरचं. तिकडं मामाची वेचणीला आलेली सरकी, म्हणजे कपाशी, पाण्यात उभी राहिली. मामा फोनवर सांगत होता आणि आई नुसतं "अगं बाई, अगं बाई" म्हणत होती. धरणावर सांडवा बघायला लोक गेले. आम्ही त्या वर्षी गेलो नाही. अण्णा खिडकीशी बसून पावसाचा आवाज ऐकत होते. म्हणाले, "हितली माणसं पाणी न्हाई म्हणून उसाच्या फडावर जात्यात. तकडची जनावरं पाणी लई झालं म्हणून गवत सोडत्यात. बिऱ्हाड सगळ्यांच्या पाठीला." मग थोड्या वेळानं, "तो गेंडा चढला असंल का पण उंचावर?" मी म्हणाले चढला असेल. खोल्या देणाऱ्या त्या माणसाला त्यांनी नंतर दोन-तीनदा फोन करून तेवढंच विचारलं. तोही न कंटाळता सांगायचा.

दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात उद्यान उघडलं आणि आम्ही निघालो. गवत तेव्हा माणसाच्या डोक्याच्या वर असतं, काही दिसेल याची खात्री नाही, असं खोल्यावाल्यानं बजावलं होतं. पण निघायच्या आधी डॉक्टरांनी अण्णांना तपासलं होतं आणि मला बाहेर बोलावून म्हणाले होते की जायचं असेल तर जाऊन या. फेब्रुवारीची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही.

रेल्वेत आईनं आख्ख्या डब्याला शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली. बिहारमधल्या एका जोडप्याला तर तिनं दशम्या कशा करायच्या ते मराठीत शिकवलं आणि त्यांनी ते हिंदीत समजून घेतलं. अण्णा खिडकीतून समोर येईल तेवढं बघत होते. एवढ्या नद्या लागल्या, एकही कोरडी नव्हती. प्रत्येक पुलावर अण्णा दोन्ही हात जोडायचे.

पहिली सफारी दुपारची. जीप चालवणारा तिथलाच एक तरुण गृहस्थ होता, कमी बोलणारा, हसरा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवताच्या भिंती. रानडुकरं दिसली, एक हरणासारखं बुटकं जनावर पळालं, डोहावर पक्षी खूप. मग ड्रायव्हरनं जीप थांबवून लांब बोट दाखवलं. गवतातून एक करडी पाठ चालली होती. मी "अण्णा, अण्णा" करेपर्यंत, अण्णा उजवीकडं डावीकडं मान फिरवेपर्यंत ती पाठ गवतात बुडाली. आईला दिसली, मला दिसली. अण्णा म्हणाले, "गवतच लई हाय." परत येताना माझ्या मनात सारखं येत होतं की श्रावण-भाद्रपदातले ते आकसत गेलेले दिवस आपल्याला परत कुणी देणार नाही.

संध्याकाळी ड्रायव्हरनं आम्हाला नदीवर नेलं. ब्रह्मपुत्र बघून आई पदर सावरून उभीच राहिली. पलीकडचा काठ दिसत नव्हता. तिनं नारळ वाहिला, हळदीकुंकू वाहिलं, आणि मग टॉवेल-टोपी हातात घेऊन थबकली. नवं कापड पाण्यात सोडून द्यायचं तिच्या जिवावर आलं. ती वळली आणि तिनं ती टॉवेल-टोपी ड्रायव्हरच्या हातात दिली. "त्याचा सोयरा समजून घे बाबा," असं मराठीतच म्हणाली. त्या माणसानं टोपी डोक्यावर चढवली, हात जोडले, जीपमधून आपला लाल काठाचा पांढरा गामोसा काढला आणि अण्णांच्या गळ्यात घातला. त्यांच्याकडं पाहुण्याचा मान असाच करतात म्हणे. आई खूश झाली. "बघ, हितं बी टावेलच देत्यात," ती मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टोपी घालूनच आला. फाटकापाशी मात्र त्यानं ती काढून खिशात ठेवली, उघड्या जीपमधून उडून जाईल म्हणून. धुकं होतं. अण्णा गामोसा कानाला गुंडाळून माझ्या शेजारी बसले होते. आमच्याकडं ही शेवटचीच सफारी होती, दुपारी परतीला निघायचं होतं. बराच वेळ नुसतं गवत आणि धुकं. एका वळणावर जीप थांबली आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

डोहाच्या कडेला, चिखलात, आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीइतक्या अंतरावर, गेंडा उभा होता. आख्खा. तक्त्यावरचा होता तसाच मातकट. गवत ओढून चावत होता.

"अण्णा," मी हळूच म्हणाले, "तिकडं."

त्यांनी मान वळवली आणि ते भलतीकडंच बघायला लागले. त्यांच्या नजरेत आता एवढीशी जागा उरली होती आणि तेवढ्या जागेत गवत होतं. मी हात पुढं केला आणि त्यांची हनुवटी धरली. दोन दिवसांची दाढी बोटांना टोचली. मी त्यांचं तोंड वळवलं.

"तिकडं नाही, इकडं. चिखलाच्या कडेला. दिसायलंय का?"

"दिसायलंय," अण्णा लगेच म्हणाले.

हे "दिसायलंय" मला ओळखू येतं. ते माझंच आहे. सायकलच्या नळीवर बसून मी ते असंच, जराही न थांबता, म्हणायचे. एवढ्या लांब आणलं, आता त्यांना खोटं पाडून काय करायचं, असं वाटलं. बरं झालं दिसला, असं म्हणायला मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णाच बोलले.

"न्हाई दिसायलं," ते म्हणाले. "तू बी असंच म्हणायचीस. मला कळायचं."

"कळायचं? मग कावून दाखवायचे तुमी परत परत?"

"आज न्हाई तर उद्या दिसंल म्हणून," अण्णा म्हणाले. "जरा खाली धर."

मला समोरचं काही दिसेना, डोळे भरून आले होते. मी तशीच त्यांची हनुवटी जराशी खाली केली. मग केसभर उजवीकडं. आई मागच्या सीटवर होती, जन्मात पहिल्यांदा ती इतका वेळ काही बोलली नव्हती. ड्रायव्हर वळून आमच्याकडं बघत होता, गेंड्याकडं नाही. मी हात तसाच धरून ठेवला, आणि अण्णा त्यातच तोंड केसभर इकडं-तिकडं करत शोधत होते.

माझ्या तळव्यात अण्णांचा जबडा एकदम थांबला.

"कान हलवायलाय," ते म्हणाले.

मी डोळे पुसून बघितलं. गेंडा कान हलवत होता.